भीती आधी, बातमी मग

मिरा रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून रिक्षांच्या गराड्यातून वाट काढली की थोड्याच वेळात नया नगर लागतं. उर्दू पाट्या, शिंप्यांची दुकानं, अत्तरं, बेकऱ्या, रमजानात पहाटेपर्यंत जागे असणारे रस्ते. शेजारीच शांती नगरचे सेक्टर, तिथे फरसाणाची दुकानं आणि देरासरं. दोन्हीकडची माणसं सकाळी एकाच विरार लोकलच्या दारात लोंबकळतात आणि संध्याकाळी एकाच महापालिकेच्या पाण्याबद्दल कुरकुरतात. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री, म्हणजे अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री, झेंडे लावलेल्या गाड्यांवरून नया नगरात वाद झाला; मारहाण झाली, गाड्या फुटल्या. पुढचे काही दिवस बंदोबस्त, अटका, तणाव. २३ तारखेला महापालिकेचे बुलडोझर आले. एवढं सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं. फोनवर जे आलं त्याला मात्र संपादक नव्हता.

त्या रात्री कोण चुकलं याचा निवाडा न्यायालयं करतील. मला कुतूहल आहे ते फोनांचं. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी चारदा उलटून बघणारा माणूस अशा रात्री आलेला मेसेज एकदाही न उलटता चाळीस जणांना पाठवतो, तो कसा? तो मूर्ख नसतो, बहुतेकदा दुष्टही नसतो. मानसशास्त्राला हा प्रश्न पडून ऐंशी-नव्वद वर्षं झाली. उत्तर शोधता शोधता हाती जे लागलं ते इतकं चकित करणारं आहे, की ते पाठ्यपुस्तकांत पडून राहावं याची चुटपुट लागते. त्यातून त्या उत्तराचा एक धागा निघतो पाटण्यातून आणि दुसरा, मिरा-भाईंदरच्याच ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीतून.

मराठी वाचकाला मानसशास्त्राचं वावडं नाही. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवली. ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी १९९० पासून मनाच्या गोष्टी घरोघरी पोचवत आहेत. राग, चिंता, परीक्षेची धास्ती, व्यसन यांबद्दल आपण आता बऱ्यापैकी मोकळेपणानं बोलतो. पण हे झालं एकेका मनाचं. दोन गल्ल्यांच्या मधे, सोसायटीच्या ग्रुपवर, लोकलच्या डब्यात जे सामायिक मन तयार होतं त्याच्याकडे आपलं लक्ष कमी. खरं तर रोजच्या आयुष्यात आपला जीव जास्त टांगणीला लागतो तो याच मनामुळे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अफवांचं पीक आलं होतं. १९४२ साली बॉस्टनमधल्या एका दैनिकानं चक्क ‘अफवांचा दवाखाना’ या अर्थाचं सदर काढलं. लोकांनी ऐकलेल्या अफवा त्यात घ्यायच्या, चौकशी करायची आणि खुलासा छापायचा. त्या उपक्रमाशी संबंधित असलेल्या रॉबर्ट नॅप यांनी त्या वर्षी देशभरातून गोळा झालेल्या १,०८९ अफवा निवडून वेगळ्या केल्या. शत्रू शरण येतोय, युद्ध संपतंय अशा गोड अफवा त्यांत शंभरात दोन. पाव हिस्सा भीतीच्या. आणि जवळपास दोन तृतीयांश अफवा कुणाबद्दल तरी तेढ निर्माण करणाऱ्या. युद्ध चाललं होतं जर्मनी आणि जपानशी, पण ही तेढ त्यांच्याबद्दलची नव्हती. तिचा रोख होता आपल्याच देशातल्या ज्यूंवर, कृष्णवर्णीयांवर, आपल्याच सरकारवर आणि मित्रराष्ट्र असलेल्या ब्रिटिशांवर. शत्रू समुद्रापलीकडे होता आणि अफवा शेजाऱ्याच्या दाराशी घुटमळत होत्या.

हार्वर्डचे गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात अफवेचं सूत्र आहे आणि ते पाचवीतल्या मुलालाही कळावं असं आहे. अफवेचा जोर म्हणजे त्या विषयाचं आपल्या लेखी असलेलं महत्त्व गुणिले त्याबद्दलची संदिग्धता. गंमत आहे ती ‘गुणिले’ या शब्दात. गुणाकारातली एक संख्या शून्य झाली की उत्तर शून्य. अफगाणिस्तानात उंटाचा भाव काय चाललाय याबद्दल सर्वसामान्य अमेरिकन माणूस अफवा पसरवणार नाही, असं उदाहरण लेखकांनीच दिलंय. त्याला उंटाचं काय पडलंय! आणि विषय कितीही जिव्हाळ्याचा असला, तरी पक्की माहिती हाताशी असेल तर अफवेला पाय फुटत नाहीत. सकाळी नळाला पाणी आलं नाही आणि जिन्याखालच्या फळ्यावर ‘पाइपलाइनचं काम, पाणी संध्याकाळी सहाला’ असं लिहिलेलं असेल, तर माणसं चडफडत बादल्या भरायच्या वेळा ठरवतात. फळा कोरा असेल तर दहा वाजेपर्यंत टँकरवाल्यांचं कारस्थान, बिल्डरनं तोडलेली लाइन आणि चार दिवसांची कपात, हे तिन्ही ‘कन्फर्म’ झालेलं असतं.

पुढच्या संशोधकांनी हे सूत्र जसंच्या तसं ठेवलं नाही. राल्फ रोस्नो यांनी बरीच वर्षं अफवांचा अभ्यास केला आणि महत्त्वापेक्षा चिंतेचा वाटा मोठा असल्याचं दाखवलं. तरीही जुन्या सूत्राचा एक उपयोग कुणी हिरावून घेऊ शकलेलं नाही. लोकांना एखाद्या गोष्टीचं महत्त्व वाटू नये, असं आपण करू शकत नाही. आपल्या मुलाबाळांबद्दल, आपल्या देवाबद्दल, आपल्या इमारतीबद्दल त्यांना वाटणारच. संदिग्धता मात्र कमी करता येते. फळ्यावर एक ओळ लिहायला खडूचा तुकडा पुरतो.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनीच केलेला एक प्रयोग लोकलनं जाणाऱ्या कुणालाही आपलासा वाटेल. पडद्यावर रेल्वेच्या डब्यातलं चित्र. बाकांवर बसलेली माणसं, वर जाहिराती, आणि मधे दोघे उभे राहून बोलताहेत: एक कृष्णवर्णीय, एक गोरा. गोऱ्याच्या हातात वस्तरा. हे चित्र पाहणारा माणूस ते न पाहिलेल्या दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, अशी सहा-सात जणांची साखळी. शेवटच्या माणसाला ऐकू येईल ते म्हणजे अफवा. सुमारे सत्तर टक्के तपशील वाटेतच गळून जात. जाहिराती जात, बसलेली माणसं जात, स्टेशनाचं नाव बदले. उरलेलं एखाद-दुसरं काही मात्र धारदार होऊन पुढे सरके. वस्तरा सहसा हरवत नसे. आणि निम्म्याहून अधिक खेपांमध्ये, साखळीत कुठे ना कुठे, तो वस्तरा गोऱ्याच्या हातातून कृष्णवर्णीयाच्या हातात जाई.

कुणीही मुद्दाम खोटं सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकानं ऐकलेलं इमानदारीनं पुढे सांगायचा प्रयत्न केला होता. फक्त मधली रिकामी जागा भरताना मनानं घरातलंच सामान वापरलं. त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेच्या घरात ‘हत्यार कुणाच्या हातात असतं’ याचं उत्तर तयार होतं. आपल्या घरात कुठली उत्तरं तयार आहेत, याची यादी ज्यानं त्यानं मनातल्या मनात करावी. नया नगरात एक होईल, शांती नगरात दुसरी.

या प्रयोगाची पुढची गोष्ट मला प्रयोगाइतकीच आवडते. पुढे कित्येक पुस्तकांत आणि शोधनिबंधांत असं छापून येऊ लागलं की, चित्र प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसांनीच वस्तरा चुकीच्या हातात पाहिला. हा जणू साक्षीदाराच्या स्मरणशक्तीचा प्रयोग होता! १९८७ मध्ये मॉली ट्रेडवे आणि मायकल मॅक्लॉस्की यांनी मूळ पुस्तक उघडून दाखवलं की तसं काही नव्हतं, चूक साखळीत घडली होती. म्हणजे अफवेवरच्या प्रयोगाचीच अफवा झाली होती, आणि ती पसरवणारे सगळे प्राध्यापक होते.

इथवरचं सगळं अफवा बदलते कशी याबद्दल झालं. ती जन्मते का, हा याहून खोल प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी बिहारला जावं लागतं.

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. तीव्रता आठच्या आसपास. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. हे असं का झालं याचं उत्तर सगळेच शोधत होते. गांधीजींनी हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं आणि अस्पृश्यतेच्या बाबतीत त्यांच्याच बाजूनं उभ्या असलेल्या रवींद्रनाथांनी त्या विचाराला जाहीर विरोध केला. याच दिवसांत पाटण्यात जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्रज्ञ वेगळंच काही करत होते. कानावर येणाऱ्या अफवा ते लिहून घेत होते. पाटण्यावर भयंकर चक्रीवादळ येणार. २३ जानेवारी हा घातवार आहे. चंद्रग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार. भूकंपाच्या वेळी गंगेचं पाणी नाहीसं झालं होतं. १९३५ मध्ये त्यांचा लेख ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वीसएक वर्षांनी तो लेख लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन संशोधकाच्या हाती पडला आणि तो अडखळला. या अफवा जिथे पसरल्या होत्या त्या भागानं हादरा अनुभवला होता, पण तिथे घरं पडली नव्हती, माणसं दगावली नव्हती. इतकं थोडक्यात निभावल्यावर माणसानं ‘आता सगळं ठीक होईल’ अशा अफवा पसरवायला हव्यात. वाईट बातमी कुणाला हवी असते? मग जी माणसं सुखरूप राहिली तीच ‘याहून भयंकर काही येतंय’ असं एकमेकांना का सांगत होती?

फेस्टिंगरचं उत्तर असं. पायाखालची जमीन हलली तेव्हा माणसं घाबरली. जमीन थांबली, पण भीती काही बटण दाबून थांबत नाही, ती छातीत धडधडत राहिली. आजूबाजूला पाहावं तर घर जागेवर, मुलं जागेवर. ‘मी घाबरलोय’ आणि ‘घाबरण्यासारखं काहीच नाही’ ही दोन वाक्यं एका मनात सुखानं नांदत नाहीत. पहिलं वाक्य खोडता येत नाही, कारण ते अंगात भिनलंय. मग दुसरं बदलायचं. घाबरण्यासारखं काही नाही कसं? आहे की! वादळ येतंय, ग्रहण येतंय. अफवा भीती निर्माण करत नव्हती, आधीपासून असलेल्या भीतीला ती कारण पुरवत होती.

दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर फिरणाऱ्या गोष्टींचा अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानं चित्र पुरं झालं. जिथे प्रत्यक्ष माणसं मेली होती, घरं वाहून गेली होती, तिथे ‘याहून भयंकर येणार’ अशा अफवा आढळल्या नाहीत. ज्याच्या समोर ढिगारा आहे त्याला भीतीसाठी वेगळं कारण शोधावं लागत नाही. या कोड्यातून निघालेला विचार फेस्टिंगरनं १९५७ मध्ये पुस्तकरूपानं मांडला. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रात सर्वांत गाजलेल्या सिद्धांतांपैकी तो एक. मराठीत त्याला बोधात्मक विसंवाद म्हणतात. सिगरेट ओढणारा कॅन्सरबद्दल काय बोलतो, महागडा फोन घेतलेला माणूस त्याचे दोष का पाहत नाही, हे सगळं त्या सिद्धांतानं उलगडलं. त्याचं बीज पाटण्याच्या बाजारात बोललं गेलेलं काहीबाही होतं आणि ते टिपून ठेवणारा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता नया नगर आठवा. त्या जानेवारीत तुम्हाला आलेले मेसेज आठवा, आणि ते कुणी पाठवले होते हेही. त्या गल्लीत राहणाऱ्यानं? की बोरिवलीच्या, डोंबिवलीच्या, न्यू जर्सीच्या कुणी तरी? गल्लीतल्या माणसाला आपलं शटर फुटलंय का, मुलगा घरी पोचलाय का, हे डोळ्यांनी पाहता येतं. लांबच्याला हादरा बसलेला असतो, पण खिडकीबाहेर सगळं शांत. पाटण्याच्या माणसासारखीच त्याची पंचाईत. अशा वेळी ‘अजून मोठं काहीतरी होणार आहे’ असं सांगणारा मेसेज येतो आणि मनाला एक प्रकारे हायसं वाटतं: बघा, मी उगाच घाबरलो नव्हतो. मेसेज वाचून आपण घाबरलो असं आपण समजतो. पुष्कळदा आपण आधीच घाबरलेले असतो, म्हणून तो मेसेज पटतो.

आपल्या मुंबईच्या इतिहासात याचं एक हृदयद्रावक उदाहरण आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मग सक्तीची तपासणी, घरं धुणं, आजाऱ्याला उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेणं. तिथे बहुतेक जण अगदी शेवटच्या अवस्थेत पोचत, म्हणून बहुतेक जण दगावत. बाहेरच्या माणसाला दिसायचं एवढंच: आत जातो तो परत येत नाही. शहरात बोललं जाऊ लागलं की रुग्णालयात माणसं मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचं औषध काढतात. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस हजारभर गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. आजही आपण ‘अडाणी लोक’ म्हणून हा प्रसंग निकालात काढतो. पण सूत्र लावून बघा. महत्त्व: घरच्या माणसाचा जीव. संदिग्धता: भिंतीआड काय चालतं हे कुणी धड सांगत नव्हतं. दोन्ही संख्या इतक्या मोठ्या असताना गुणाकार लहान कसा येणार?

फोन आल्यावर बदललं काय? मनाची घडण तीच आहे, साखळी लांबली आणि वेग वाढला. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला: ट्विटरवर अकरा वर्षांत फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या आणि त्या पुढे पाठवणारे तीसेक लाख लोक. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक निघाली. दीड हजार जणांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागत होता. संशोधकांनी यंत्रांनी चालवलेली खाती बाजूला काढून पुन्हा मोजलं, तरी फरक पडला नाही. हे माणसंच करत होती, बहुधा नावीन्याच्या ओढीनं.

त्याच वर्षी १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. देशभर त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज फिरत होते. त्यांतली एक चित्रफीत तर कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटचा, ‘हा अभिनय आहे’ हे कळण्याचा तुकडा कुणी तरी कापून टाकला होता. ऑलपोर्टच्या डब्यातले तपशील नकळत गळत होते, इथे कात्री चालली. त्याच सुमारास मालेगावातही एका कुटुंबावर जमाव धावून गेला; सोबत लहान मूल होतं. तिथल्या एका रहिवाशानं त्यांना घरात घेतलं, पोलिस येईपर्यंत दार लावून ठेवलं आणि ती माणसं वाचली. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि ‘फॉरवर्डेड’ची पट्टी आणली. ती पट्टी पाहून किती जणांचा अंगठा थांबतो, हा प्रश्न प्रत्येकानं आपल्याच अंगठ्याला विचारलेला बरा.

थांबत नाही याचंही कारण मनाच्या रचनेतच आहे. १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं वाचायला दिली. काही खरी, काही खोटी. जी पुन्हा पुन्हा आली ती अधिकाधिक खरी वाटू लागली. ओळखीचा चेहरा विश्वासू वाटतो, तसंच वाक्याचंही. २०१५ मध्ये लिसा फेझिओ यांनी दाखवलं की खरं उत्तर मुळात ठाऊक असलं, तरीही वारंवार ऐकलेलं खोटं जरा अधिक पटू लागतं. सोसायटीच्या ग्रुपवर आलं, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आलं, माहेरच्या ग्रुपवरही आलं. आपल्याला वाटतं तीन साक्षीदार मिळाले. साक्षीदार एकच असतो, तो तीन दरवाजांतून आत आलेला असतो.

मग ग्रुपवरचा एखादा शहाणा लिहितो: ‘फेक आहे. पसरवू नका.’ हेतू उत्तम, परिणाम बेताचा. १९९४ मध्ये हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी लोकांना गोदामाच्या आगीची गोष्ट वाचायला दिली. आधी सांगितलं की एका कपाटात तेलाचे रंग आणि गॅसचे सिलिंडर होते. मग सांगितलं की ते चुकीचं होतं, कपाट रिकामं होतं. वाचणाऱ्यांनी खुलासा लक्षात ठेवला. तरी ‘इतका धूर का झाला?’ असं विचारल्यावर पुष्कळांनी रंगाचे डबे आणि सिलिंडर पुन्हा बाहेर काढले. खुलाशानं मनातल्या गोष्टीत भोक पडतं आणि भोक असलेली गोष्ट मनाला चालत नाही. आग लावल्याचे पुरावे मिळाले, असं दुसरं कारण दिलं तेव्हा मात्र सिलिंडर बरेचसे मागे हटले. म्हणून ‘गोळीबार झाला नाही’ यापेक्षा ‘तो आवाज सात नंबरच्या वरातीतल्या फटाक्यांचा होता, मी खाली जाऊन बघून आलो’ हे वाक्य कितीतरी जास्त काम करतं. मनाच्या हातातून काही काढून घ्यायचं, तर बदल्यात काहीतरी ठेवावं लागतं.

आणखी एक सोपी युक्ती आहे. गॉर्डन पेनिकुक आणि डेव्हिड रँड यांच्या प्रयोगांत दिसलं की लोकांना खऱ्या-खोट्याची परीक्षा पुष्कळ अंशी असते, पण पुढे पाठवण्याच्या क्षणी तो प्रश्न त्यांच्या डोक्यातच नसतो. तेव्हा डोक्यात असतं ते ‘हे आपल्या लोकांना कळायला हवं’. कुठल्याही एका साध्याशा बातमीबद्दल ‘ही खरी वाटते का?’ एवढं आधी विचारलं, तरी पुढच्या बातम्या पाठवताना ते अधिक निवड करू लागले. म्हणून ग्रुपवरच्या काकूंना ‘काहीही काय पाठवता!’ म्हणण्यात अर्थ नाही. काकूंनी तो मेसेज काळजीपोटी पाठवलाय, आणि चारचौघांत अपमान झाल्यावर त्या तो उलट सोडणार नाहीत. त्यांना वेगळा फोन करून, ‘काकू, हे तुम्हाला कुणी पाठवलं हो? त्यांनी स्वतः पाहिलंय का?’ एवढं विचारावं. ‘अरे, सुमनच्या भाच्याच्या ऑफिसातल्याचा भाऊ पोलिसात आहे ना...’ असं सुरू होतं आणि तिसऱ्या नात्यापाशी काकूंचा स्वतःचाच आवाज खाली येतो.

हे झालं एकेकट्यानं करायचं. पण अफवा हा गल्लीचा आजार आहे, आणि गल्लीवर केलेल्या उपचाराचं आपल्याला माहीत असलेलं सर्वांत ठळक उदाहरण भिवंडीचं.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. प्रत्येक मोहल्ल्यात हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडची साधी माणसं, आणि सोबत त्या भागाचा पोलिस. फक्त तणाव असेल तेव्हा मान्यवरांना बोलावून चहा पाजायचा, ही शांतता समित्यांची जुनी रीत त्यांनी सोडली. समित्या नियमित भरत आणि त्यांत गप्पा चालत त्या किरकोळ भांडणांच्या, तक्रारींच्या, गटाराच्या आणि पाण्याच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा ९०० नोंदवला. तासाभराच्या अंतरावरची भिवंडी, जिचं नाव घेतलं की लोकांना दंगलच आठवायची, शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, आणि अभ्यासकांनी भिवंडीचं उदाहरण परदेशातल्या पुस्तकांपर्यंत नेलं.

इथे ऑलपोर्ट पुन्हा भेटतात. अफवेच्या पुस्तकानंतर सात वर्षांनी, १९५४ मध्ये, त्यांनी पूर्वग्रहांवर पुस्तक लिहिलं. दोन गट नुसते शेजारी राहिले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्याला चार अटी लागतात: दोघांचा दर्जा समान हवा, काम सामायिक हवं, ते एकमेकांच्या साथीनं करायला हवं आणि अधिकारी मंडळींचा त्याला पाठिंबा हवा. आता भिवंडीची समिती बघा. दोन्हीकडची माणसं बरोबरीनं बसलेली, विषय तुंबलेलं गटार, ते उपसून घ्यायचं सगळ्यांनी मिळून, आणि शेजारी वर्दीतला माणूस. खोपड्यांनी ऑलपोर्ट वाचला होता का, हे कळून मला फार काही मिळणार नाही. हार्वर्डमध्ये कागदावर लिहिलेल्या अटी भिवंडीतल्या मोहल्ल्यांत माणसांच्या रूपात बसल्या होत्या, हे मला पुरेसं आहे.

समितीनं अफवेच्या गुणाकारातली दुसरी संख्या खाली आणली, असं मला वाटतं. रात्री ‘पलीकडे तलवारी जमवताहेत’ असं कानावर आलं, तर गटाराच्या बैठकीत भेटणारा पलीकडचा माणूस ओळखीचा असे. त्याला विचारता येई, आणि तो काय म्हणतो यावर विश्वास ठेवता येई, कारण त्याचं बोलणं आधी गटाराच्या बाबतीत पारखून झालेलं असे. तेव्हा मोबाइल नव्हते. उठून त्याच्या दारापर्यंत जावं लागे.

मिरा रोडच्या एखाद्या सोसायटीच्या सरचिटणीसाच्या फोनमध्ये आज शेकड्यांनी नंबर असतात: लिफ्टवाला, टँकरवाला, सोसायटीचा वकील, नगरसेवकाचा पीए. शांती नगरच्या अशा फोनमध्ये नया नगरातला, आणि नया नगरच्या फोनमध्ये शांती नगरातला, रात्री अकराला ‘भाई, तिकडे खरंच काही झालंय का?’ किंवा ‘भाऊ, तुमच्याकडे काय ऐकताय?’ असं विचारता येईल असा नंबर किती जणांकडे आहे, हे मोजायला फार वेळ लागणार नाही.